ऑल-स्टार सामना अजून का पाहावा

अमेरिकेतील बेसबॉलचा ऑल-स्टार सामना, म्हणजे तिथल्या दोन लीगच्या निवडक खेळाडूंमधला सामना, दरवर्षी जुलैच्या मध्यावर होतो, आणि तो जवळ आला की हा सामना आता पाहण्यात काही अर्थ उरला आहे का, हा प्रश्न हमखास विचारला जातो. प्रश्न विचारणारे सगळेच खेळाविषयी उदासीन असतात असे नाही. त्यांतील पुष्कळ जण वर्षभर नेमाने बेसबॉल पाहणारे असतात, आणि म्हणूनच त्यांच्या शंकेला वजन आहे. माझे स्वतःचे उत्तर होकारार्थी आहे. मात्र ज्या कारणासाठी हा सामना जन्माला आला ते कारण आता जवळजवळ संपले आहे हे आधी मान्य केले पाहिजे, कारण त्या जुन्या कारणाच्या आधारावर सामन्याची बाजू मांडायला गेलो तर ती टिकत नाही.

पहिला ऑल-स्टार सामना 6 जुलै 1933 रोजी शिकागोच्या कॉमिस्की पार्कवर झाला. त्या वर्षी शिकागोत मोठे जागतिक प्रदर्शन भरले होते आणि त्याच्या जोडीला एक मोठा सामना व्हावा ही कल्पना ‘शिकागो ट्रिब्यून’चे क्रीडा संपादक आर्च वॉर्ड यांची होती. अमेरिकन लीगने तो सामना 4-2 असा जिंकला आणि ऑल-स्टार सामन्याच्या इतिहासातला पहिला होम रन (चेंडू थेट कुंपणाबाहेर धाडणारा फटका) बेब रूथने मारला. त्या काळी अमेरिकन लीग आणि नॅशनल लीग ही दोन स्वतंत्र संस्थाने होती. त्यांचे अध्यक्ष वेगळे, पंच वेगळे, आणि हंगामाच्या शेवटी दोन्ही लीगच्या विजेत्यांत होणारी वर्ल्ड सिरीज सोडली तर एका लीगचा संघ दुसऱ्या लीगच्या संघाशी अधिकृत सामना खेळतच नसे. शिकागोतला अमेरिकन लीगचा चाहता नॅशनल लीगच्या एखाद्या मोठ्या पिचरचे (चेंडू टाकणाऱ्याचे) नाव फक्त वर्तमानपत्रात वाचत असे. रूथसमोर तो पिचर काय करील, या कुतूहलाला वर्षातून एकदाच उत्तर मिळे, आणि ते याच सामन्यात.

ही तटबंदी हळूहळू ढासळली. 1997 पासून दोन्ही लीगचे संघ हंगामातच एकमेकांशी खेळू लागले. 1999 च्या हंगामानंतर दोन्ही लीगच्या अध्यक्षांची पदे बरखास्त झाली. 2022 मध्ये पिचरच्या जागी फक्त फलंदाजी करणारा खेळाडू उतरवण्याचा नियम दोन्हीकडे सारखा झाला, आणि 2023 पासून तर प्रत्येक संघ इतर एकोणतीसही संघांशी दरवर्षी खेळतो. त्यातच प्रत्येक सामना फोनवर पाहता येतो. त्यामुळे ‘एरवी न होणारी गाठ’ हे या सामन्याचे मूळ भांडवल होते, ते संपले आहे. 1963 ते 1982 या वीस वर्षांत नॅशनल लीगने एकोणीस सामने जिंकले, आणि त्यामागे आपल्या लीगचा खराखुरा अभिमान होता, असे जुने खेळाडू सांगतात. आज खेळाडू काही वर्षांनी संघ आणि त्याबरोबर कधी लीगही बदलतो. त्याच्याकडून त्या अभिमानाची अपेक्षा करणे रास्त नाही.

इथे इंदूरमध्ये हा सामना बुधवारी पहाटे साडेपाचला सुरू होतो. आमच्या शाळेच्या मैदानावर सॉफ्टबॉल खेळला जाई, मी थर्ड बेसवर उभी राहत असे, आणि बेसबॉलची गोडी मला तिथून लागली. घरात मात्र क्रिकेटचेच राज्य. माझा भाचा शेजारी बसून दोन इनिंग (सामन्याच्या नऊ भागांपैकी दोन) पाहतो आणि दरवेळी तेच विचारतो, “मावशी, पण कोण जिंकलं याने फरक काय पडतो?” त्याचा प्रश्न चुकीचा नाही. आपल्याकडच्या निवडक खेळाडूंच्या सामन्यांची सवय असलेल्या माणसाला तो पडणारच.

कारण आपल्याकडे अशा सामन्याला नेहमी काहीतरी पणाला लागलेले असते. मार्च 2023 मध्ये ग्वाल्हेरच्या कॅप्टन रूपसिंग स्टेडियमवर इराणी करंडकाचा सामना झाला तो आठवावा. मध्य प्रदेशाने आदल्या वर्षी मुंबईला हरवून रणजी करंडक पहिल्यांदा जिंकला होता आणि म्हणून समोर शेष भारताचा संघ होता. यशस्वी जयस्वालने पहिल्या डावात 213 आणि दुसऱ्या डावात 144 धावा केल्या. आपला संघ 238 धावांनी हरला. हरल्याचे आम्हाला वाईट वाटले, पण त्या पोराची फलंदाजी पाहताना हा आता भारतासाठी खेळणार हे दिसत होते, आणि त्याच वर्षी जुलैत वेस्ट इंडीजमध्ये कसोटी पदार्पणातच त्याने 171 धावा काढल्या. इराणी किंवा दुलीप करंडकाचा प्राण हाच आहे: प्रत्येक खेळाडूला पुढची पायरी चढायची असते. ऑल-स्टार सामन्यात उतरणारा खेळाडू सर्वांत वरच्या पायरीवर आधीच पोहोचलेला असतो. त्याला सिद्ध करायचे काही नसते, आणि दोन-तीन दिवसांनी त्याच्या संघाचा हंगाम पुन्हा सुरू होणार असल्यामुळे दुखापत टाळणे हे त्याचे कर्तव्यच असते.

बेसबॉल चालवणाऱ्यांनी ही उणीव बाहेरून भरून काढण्याचा प्रयत्न केला आणि तो फसला. 2002 मध्ये मिलवॉकीत अकरा इनिंगनंतर 7-7 अशी बरोबरी झाली, दोन्ही संघांकडे पिचर उरले नाहीत, आणि आयुक्त बड सेलिग यांना आपल्याच गावच्या मैदानावर प्रेक्षकांच्या आरोळ्या ऐकत सामना थांबवावा लागला. त्यावर उपाय म्हणून 2003 पासून असे ठरले की जी लीग ऑल-स्टार सामना जिंकेल तिच्या विजेत्याला वर्ल्ड सिरीजमध्ये घरच्या मैदानाचा लाभ मिळेल. म्हणजे ज्या सामन्यात खेळाडू दोन-तीन इनिंगनंतर बदलले जातात आणि निवड लोकप्रियतेवर होते, त्या सामन्यावर वर्षातल्या सर्वांत मोठ्या मालिकेची जागा अवलंबून. 2016 मध्ये शिकागो कब्जने हंगामात 103 सामने जिंकले होते आणि क्लीव्हलँडने 94. तरी मालिकेचा पहिला आणि सातवा सामना क्लीव्हलँडच्या मैदानावर झाला, कारण जुलैत अमेरिकन लीग जिंकली होती. कब्जनी तो सातवा सामना जिंकला म्हणून अन्याय झाकला गेला. 2017 पासून हा नियम रद्द झाला, हे योग्यच झाले. सामन्याला महत्त्व हवे म्हणून दुसऱ्या स्पर्धेचे महत्त्व उसने आणले की दोन्हींचे नुकसान होते.

पूर्वी हा सामना ‘खरा’ खेळला जाई हे सांगताना लोक 1970 चे उदाहरण हमखास देतात. सिनसिनाटीत बाराव्या इनिंगमध्ये पीट रोझ होम प्लेटकडे (जिथे पोहोचले की धाव पूर्ण होते) धावत आला आणि कॅचर (फलंदाजामागे चेंडू झेलणारा) रे फॉसीवर आदळून त्याने विजयी धाव काढली; फॉसीच्या खांद्याला झालेली दुखापत त्याला पुढे कायम त्रास देत राहिली. हा प्रसंग निष्ठेचा पुरावा म्हणून सांगितला जातो तेव्हा मला तो पटत नाही. एका तरुण कॅचरचा खांदा ही त्या धावेची वाजवी किंमत नव्हती. अशा ईर्षेची आठवण काढून आजच्या खेळाडूंना नावे ठेवणाऱ्यांनी फॉसीच्या बाजूने एकदा विचार करावा.

मग या सामन्यात पाहायचे काय? 2002 च्या त्याच बदनाम सामन्याकडे परत जाऊ. पहिल्याच इनिंगमध्ये बॅरी बाँड्सने चेंडू असा मारला की तो कुंपणाबाहेर गेल्यातच जमा होता. सेंटर फील्डवर टोरी हंटर मागे धावत गेला, कुंपणाशी उंच उडी मारून त्याने हात पलीकडे नेला आणि चेंडू आत ओढून घेतला. त्यानंतर बाँड्स बेसच्या रेषेवरून वळून हंटरकडे चालत गेला आणि हसत त्याला उचलून खांद्यावर टाकले. हंगामातल्या सामन्यात हे घडले असते तर झेल तितकाच अप्रतिम ठरला असता, पण बाँड्स मान खाली घालून डगआउटमध्ये (खेळाडूंच्या बाकांकडे) परतला असता. वर्षभर दगडासारखा चेहरा ठेवून खेळणारा माणूस एका झेलाचे असे मनमोकळे कौतुक करताना दिसणे ही या सामन्यातच मिळणारी गोष्ट आहे. त्या रात्री बरोबरी झाली म्हणून ओरडणाऱ्यांनाही आज तो झेल आठवतो.

पण माझ्यासाठी खरे आकर्षण पिचरचे आहे, आणि त्याबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. एरवी सामना सुरू करणाऱ्या पिचरला पाच-सहा इनिंग काढायच्या असतात, शंभराच्या आसपास चेंडू टाकायचे असतात. तो शक्ती राखून ठेवतो, तोच फलंदाज तिसऱ्यांदा समोर येईल हे धरून आपला सर्वांत फसवा चेंडू सुरुवातीला दाखवत नाही, आणि अवघड फलंदाजाला चार बॉलवर (मारण्याच्या कक्षेबाहेर टाकलेल्या चार चेंडूंवर) बेस देऊन पुढच्याशी लढणे पत्करतो. ऑल-स्टार सामन्यात त्याला एक इनिंग मिळते, फार तर दोन. राखून ठेवण्यासारखे काही नसते. आणि समोर येणारे तीन-चार फलंदाज हे दुसऱ्या लीगचे सर्वोत्तम फलंदाज असतात, त्यांच्यात एकही कच्चा दुवा नसतो. सगळे संघ आता सगळ्यांशी खेळत असले तरी अशी रांग, एकामागून एक, कोणत्याही संघाकडे नाही.

याचा नमुना 1934 मध्येच मिळाला. न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर कार्ल हबेलचा पहिला फलंदाज फटका मारून बेसवर पोहोचला, दुसऱ्याला त्याने चार बॉलवर बेस दिला, आणि दोन माणसे बेसवर असताना समोर बेब रूथ आला. हबेलचा हुकमी चेंडू म्हणजे स्क्रूबॉल, उलट्या दिशेने वळणारा. त्याने रूथला स्ट्राइक आउट (तीन स्ट्राइकवर बाद) केले, मग लू गेरिग, मग जिमी फॉक्स; पुढच्या इनिंगला अल सिमन्स आणि जो क्रोनिन. पाचही जण पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेले. हबेलचा संघ तो सामना 9-7 असा हरला, हे सांगावे लागते, कारण कोणाच्या लक्षात नसते. 1999 मध्ये बॉस्टनच्या फेनवे पार्कवर पेड्रो मार्टिनेझने दोन इनिंगमध्ये लॅरी वॉकर, सॅमी सोसा, मार्क मॅग्वायर यांच्यासह पाच जणांना स्ट्राइक आउट केले. त्या दोघांनी, सोसा आणि मॅग्वायर यांनी, आदल्याच वर्षी होम रनचा जुना विक्रम मोडला होता. पेड्रोसमोर त्यांची बॅट चेंडूच्या मागून फिरत होती.

अटलांटातला 2025 चा सामना मी याच नजरेने पाहिला. पिट्सबर्गचा पॉल स्कीन्स पहिल्या इनिंगला आला. त्याने ग्लेबर टोरेस आणि रायली ग्रीन यांना स्ट्राइक आउट केले, वेग ताशी 160 किलोमीटरच्या घरात. मग आरन जज आला आणि त्याचा फटका जमिनीवरच राहिला. दुसऱ्या बाजूने डेट्रॉइटचा तारिक स्कूबल मार खात होता, केटेल मार्टेच्या फटक्याने दोन धावा गेल्या, आणि तेवढ्यात मॅनी मचाडोला टाकलेला एक चेंडू पंचांनी बॉल ठरवला. कॅचर कॅल रॅलीने हेल्मेटवर थाप मारून यंत्राकडे दाद मागितली, यंत्राने स्ट्राइक दाखवला, आणि मचाडो बाद झाला. क्रिकेटमधल्या डीआरएसची सवय असलेल्या माझ्या भाच्याला यात नवल वाटले नाही. मला वाटले, कारण बेसबॉलमध्ये स्ट्राइक झोनवर पंचांचा शब्द शंभराहून अधिक वर्षे अंतिम होता आणि ऑल-स्टार सामन्यात यंत्राकडे अशी दाद पहिल्यांदाच मागितली जात होती. नव्या गोष्टी करून पाहण्यासाठी हा सामना चांगली जागा आहे, हा त्याचा एक दुय्यम पण खरा उपयोग.

दुसऱ्या इनिंगला क्लेटन कर्शॉ आला. आयुक्तांनी त्याला खास निवडले होते, दोनच आठवड्यांपूर्वी त्याने कारकिर्दीतला तीन हजारावा स्ट्राइक आउट मिळवला होता, आणि हा त्याचा शेवटचा हंगाम ठरला. कानाला लावलेल्या यंत्रातून तो समालोचकांशी बोलत बोलत चेंडू टाकत होता. रॅलीचा जोरदार फटका काइल टकरने घसरत जाऊन झेलला, मग व्लादिमिर गरेरो ज्युनिअर स्ट्राइक आउट झाला, आणि सहा चेंडूंनंतर व्यवस्थापक डेव्ह रॉबर्ट्स त्याला परत न्यायला आले. सामन्याच्या ऐन मध्यात गोलंदाजाशी गप्पा मारणे हा खेळाचा अपमान आहे असे काहींना वाटते. नेहमीच्या सामन्यात मलाही तसेच वाटेल. इथे मात्र अठरा वर्षे चेंडू टाकणारा माणूस पुढचा चेंडू ठरवताना कसा विचार करतो हे ऐकायला मिळाले, आणि ते ऐकण्याची दुसरी सोय नाही.

निवडीच्या वादाविषयी लिहायचे तर इंदूरकराने सुरुवात मुश्ताक अलींपासूनच केली पाहिजे. 1945 मध्ये ऑस्ट्रेलियन सर्व्हिसेसविरुद्धच्या कलकत्त्याच्या सामन्यातून त्यांना वगळले तेव्हा ‘मुश्ताक नाही तर टेस्ट नाही’ अशा घोषणा देत लोकांनी निवड समितीचे प्रमुख दुलीपसिंहजी यांना घेरले, आणि आमच्या होळकर संघाच्या या लाडक्या खेळाडूला परत घ्यावे लागले. प्रेक्षकांच्या आग्रहातून झालेली निवड नेहमी वाईट असते असे मला म्हणूनच म्हणवत नाही. तिचा अतिरेक मात्र होऊ शकतो. 1957 मध्ये सिनसिनाटीच्या चाहत्यांनी इतकी मते घातली, स्थानिक वर्तमानपत्राने आधीच भरलेल्या मतपत्रिका छापल्या, की सुरुवातीच्या आठ जागांपैकी सात जागा त्यांच्याच खेळाडूंना मिळाल्या. आयुक्त फोर्ड फ्रिक यांनी त्यांपैकी दोघांना हटवून विली मेज आणि हँक आरन यांना आणले, आणि चाहत्यांचा मताधिकार 1970 पर्यंत काढून घेतला. मेज आणि आरन यांच्याशिवाय ऑल-स्टार संघ ही कल्पनाच हास्यास्पद होती, त्यामुळे फ्रिक यांचे चुकले असे म्हणता येत नाही.

2025 मध्ये मिलवॉकीच्या जेकब मिझिओरोव्स्कीला केवळ पाच सामन्यांच्या बळावर घेतले गेले तेव्हा फिलाडेल्फियाच्या खेळाडूंनी उघडपणे नाराजी दाखवली. त्यांचे म्हणणे मला रास्त वाटते. संपूर्ण अर्धा हंगाम झिजलेल्या पिचरला बाजूला ठेवून महिन्याभराच्या नवलाईला बोलावले तर ‘ऑल-स्टार’ या बिरुदाला काही मोल राहत नाही. याउलट, प्रत्येक संघाचा निदान एक खेळाडू असलाच पाहिजे या नियमावर जी टीका होते ती मला मान्य नाही. तळाच्या संघाच्या चाहत्याला, ज्याच्या हंगामात जुलैतच राम उरलेला नसतो, या एका रात्री आपला माणूस मोठ्या नावांच्या रांगेत उभा दिसतो. लहान शहराच्या संघामागे आयुष्यभर उभे राहिलेल्यांना याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

आता त्या सामन्याच्या शेवटाकडे. नॅशनल लीग 6-0 अशी पुढे होती. सातव्या इनिंगला ब्रेंट रूकरने तीन धावांचा होम रन मारला, नवव्या इनिंगला स्टीव्हन क्वानच्या मंद घरंगळलेल्या फटक्यावर 6-6 अशी बरोबरी झाली. नव्या नियमानुसार जादा इनिंग खेळण्याऐवजी प्रत्येक बाजूच्या तीन फलंदाजांना तीन-तीन फटके मिळाले आणि ज्यांचे होम रन जास्त ते विजेते. काइल श्वार्बरने तिन्ही फटके कुंपणाबाहेर धाडले, तिसरा तर एक गुडघा जमिनीला टेकवून, आणि नॅशनल लीग 4-3 अशी जिंकली. दोन्ही संघांचे खेळाडू डगआउटमधून बाहेर येऊन उड्या मारत होते, हे मी कबूल करते. दृश्य आनंदाचे होते. तरीही मला हा नियम आवडत नाही. यात पिचर नाही, झेल नाही, धावणे नाही. समोरून प्रशिक्षक मारण्यासारखा चेंडू टाकतो. होम रनची वेगळी स्पर्धा आदल्या रात्री झालेलीच असते. सामन्यात दोनदा बाद झालेला श्वार्बर त्या तीन फटक्यांमुळे सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. मिलवॉकीसारखी नामुष्की टाळायची तर प्रत्येक संघाने दोन पिचर शेवटपर्यंत राखून ठेवावेत आणि दहावी, फार तर अकरावी इनिंग खेळावी. त्यानंतरही बरोबरी राहिली तर ती बरोबरीच नोंदवावी. पाच दिवसांचा अनिर्णित सामना पचवणाऱ्या आपल्यासारख्यांना त्यात काही विपरीत वाटणार नाही.

प्रेक्षकसंख्येचे आकडे निराशाजनक आहेत: अमेरिकेत 1976 मध्ये साडेतीन कोटींहून अधिक लोकांनी हा सामना पाहिला होता, 2023 मध्ये सत्तर लाखांच्या आसपास. पण तेव्हा वाहिन्याच मोजक्या होत्या, आणि कमी लोक पाहतात म्हणून सामना वाईट झाला असे त्यातून निघत नाही.

ज्यांना निकालाची धग हवी आहे त्यांच्यासाठी आता वर्ल्ड बेसबॉल क्लासिक आहे. मार्च 2023 मध्ये मायामीला जपानचा शोहेई ओतानी अमेरिकेच्या माइक ट्राउटला, आपल्याच क्लबमधल्या सहकाऱ्याला, शेवटच्या चेंडूवर स्ट्राइक आउट करून 3-2 असा अंतिम सामना जिंकला. तसे काही जुलैच्या सामन्यात घडणार नाही आणि तशी अपेक्षाही करू नये. ऑल-स्टार सामना पाहायचा तर पहिल्या तीन-चार इनिंग नीट पाहाव्यात, धावफलकापेक्षा पिचरच्या हाताकडे लक्ष ठेवावे, दुसऱ्या संघाचे खेळाडू बेसवर एकमेकांशी काय बोलतात, कोण कोणाला बॅट धरण्याची पद्धत दाखवतो हे पाहावे. पाचव्या इनिंगनंतर मोठी नावे निघून जातात आणि पहिल्यांदाच आलेले खेळाडू मैदानावर उतरतात. त्यांची घरची मंडळी प्रेक्षकांत बसलेली असतात, आणि ती इनिंग त्यांच्यासाठी खेळली जाते. इंदूरमध्ये तोवर साडेसात वाजतात आणि कामाची गडबड सुरू होते, पण मी फोन बंद करत नाही.